विमान-प्रतिकृती, प्लॅस्टिकच्या

प्रत्यक्ष विमान ठरावीक प्रमाणात लहान करून, पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुळवलेली व रंगवलेली स्थिर प्रतिकृती. ती उडत नाही. रबर, इंजिन किंवा रेडिओ-नियंत्रणावर उडणाऱ्या विमानांचे एरोमॉडेलिंग हा त्यामुळे वेगळा छंद मानला जातो. जुनी लष्करी विमाने हा या कलेतील सर्वांत आवडता विषय आहे. प्रस्तुत नोंदीत कुर्डुवाडी (जि. सोलापूर), पुणे, ओझर व गोवा यांच्याशी नाते असलेल्या विमानांच्या आधारे तिचा परिचय दिला आहे.

उगम : १९३० नंतर इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने १:७२ प्रमाणातील लाकडी संच मिळू लागले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ मालिकेत सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे संच आले; प्लॅस्टिकच्या विमानसंचांची ती सुरुवात होय. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे आणि आपले विमान आकृतीवरून ओळखण्याच्या शिक्षणासाठी प्रतिकृतींचा मोठा वापर झाला. १९४२ मध्ये अमेरिकेने त्यासाठी शाळकरी मुलांकडून लाकडी प्रतिकृती करून घेतल्या. युद्धानंतर पोलादी साच्यात वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने भरण्याचे तंत्र स्वस्त झाले आणि १९५३ मध्ये ‘एअरफिक्स’ने आपले पहिले विमान, स्पिटफायर, बाजारात आणले. पुढे अमेरिकेतील ‘रेव्हेल’ व ‘मोनोग्राम’, जपानमधील शिझुओका येथील ‘तामिया’ व ‘हासेगावा’ आणि अलीकडे चेक प्रजासत्ताकातील ‘एडुआर्ड’ व ‘स्पेशल हॉबी’ या कंपन्यांनी हे क्षेत्र विस्तारले.

प्रमाण : १:७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. सहा फुटी वैमानिक या प्रमाणात एक इंचाचा होतो. १:४८ मध्ये एका फुटाला पाव इंच येतो. भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानाच्या पंखांचा विस्तार ६.७ मी. होता, १:७२ मध्ये तो सुमारे ९ सेंमी. भरतो. त्याच प्रमाणात कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानाचे पंख २७ सेंमी. होतात. लहान घरात संग्रह करणारे म्हणून १:७२ निवडतात, तर कॉकपिटचे काम दाखवायचे असल्यास १:४८ सोयीचे पडते.

कुर्डुवाडीचा दुवा : माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे बार्शी लाइट रेल्वेचे जंक्शन होते. अडीच फूट रुंदीच्या या मार्गाचा बार्शीपर्यंतचा भाग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे तो पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेला. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्याचे मूळही याच मार्गात आहे. मार्गाचा शिल्पकार इंग्रज अभियंता एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७). हलक्या रुळांवर प्रत्येक आसाचा भार पाच टनांच्या आत ठेवण्याचे त्याचे तत्त्व येथे यशस्वी ठरले. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात मरण पावला आणि कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या कामाकडे वळला. त्याच्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’. जानेवारी १९१७ मध्ये इंग्लंडमधील ऑर्फर्डनेस येथे कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट याने बीई-२सी या द्विपंखी विमानातून तिच्या साह्याने यशस्वी उडी घेतली. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना मात्र पहिल्या महायुद्धात छत्री मिळाली नाही. हेरांना शत्रूप्रदेशात उतरवण्यासाठी तिचा उपयोग झाला.

ही छत्री वैमानिकाच्या पाठीवर नसे. ती विमानाला बाहेरून जोडलेल्या डब्यात घडी करून ठेवलेली असे आणि उडी घेणाऱ्याच्या पट्ट्याला दोरीने जोडलेली असे. बीई-२सीच्या प्रतिकृतीवर हा डबा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून करून बसवला, तर कुर्डुवाडीच्या रेल्वेचा आणि विमानविद्येचा संबंध एका वस्तूत दाखवता येतो. पंखांमधील ताणतारा हा द्विपंखी विमानातील अवघड भाग. स्प्रू, म्हणजे सुटे भाग धरून ठेवणारी चौकट, मेणबत्तीच्या धगीवर मऊ करून ताणली की केसासारखा धागा मिळतो. तो योग्य लांबीचा कापून चिकटवतात. मासेमारीची बारीक दोरीही चालते.

गोवा, १९६१ : महाराष्ट्रातून झालेल्या हवाई मोहिमांपैकी प्रतिकृतीसाठी पोर्तुगीज सत्तेपासून गोवा मुक्त करण्याची मोहीम ठळक. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, तर बेळगावजवळील सांबरा तळावरील हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र अग्निबाणांनी निकामी केले. दाबोळीवर उभी असलेली प्रवासी विमाने या हल्ल्यातून बचावली आणि रात्रीच्या अंधारात निसटली. लोहगावचे कॅनबेरा आणि सांबऱ्याचे हंटर शेजारी मांडल्यास ही मोहीम पुरेशी उभी राहते. या दोन्ही विमानांचे ‘एअरफिक्स’चे संच निघाले आहेत. संचातील आवृत्ती ब्रिटिश असेल तर काचछत, टाक्या व शस्त्रे भारतीय विमानाच्या छायाचित्राशी ताडून बदलावी लागतात.

ओझर : नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विभाग १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथे मिग-२१ च्या एफएल, एम व बिस या आवृत्त्या तयार झाल्या. १९७१ च्या युद्धात मूळच्या रुपेरी एफएल विमानांवर तळावरच घाईने हिरवे-तपकिरी छलावरण चढवले गेले. प्रत्येक विमानाचे पट्टे त्यामुळे निराळे आहेत. अशा विमानाची प्रतिकृती रंगवताना शेपटीजवळील क्रमांक दिसणारे छायाचित्र हाती असल्याशिवाय काम सुरू करू नये.

जुळणी : सुटे भाग प्रथम साबणाच्या पाण्यात धुतात, साच्याला लावलेले तेल राहिले तर रंग धरत नाही. भाग कटरने कापून, उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासतात. द्रव सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करते. धातू किंवा रेझिनच्या भागांना ते चालत नाही, तेथे सायनोअ‍ॅक्रिलेट वापरतात. कॉकपिट आधी रंगवून मगच धडाचे दोन अर्ध जोडायचे. हंटर, नॅट, कॅनबेरा व मिग-२१ यांना नाकाखाली चाक असते. धड बंद करण्यापूर्वी नाकात वजन न भरल्यास प्रतिकृती शेपटीवर बसते. लायसँडर व स्पिटफायर यांना शेपटीचे चाक असल्याने ही अडचण येत नाही. सांध्यातील भेग पुट्टीने भरून घासली जाते आणि त्यात पुसलेल्या पत्र्याच्या जोडरेषा पुन्हा कोरतात.

रंग व चिन्हे : प्राइमरवर फिकट रंग आधी व गडद नंतर, असा क्रम. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठावर डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ पट्टीखाली) हवा अडकून चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग पुन्हा मॅट वार्निश. भारतीय विमानांवरील गोल चिन्ह काळानुसार बदलले आहे. १ एप्रिल १९३३ रोजी चार वापिती विमानांनिशी सुरू झालेल्या पहिल्या स्क्वॉड्रनवर ब्रिटिश चिन्ह होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी तांबड्या गोळ्याशी घोटाळा टाळण्यासाठी पूर्व आघाडीवर त्यातील तांबडा काढला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले आणि १९५० पासून केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळांचे सध्याचे चिन्ह रूढ झाले. नव्या चिन्हाचे वापिती किंवा चक्रधारी मिग ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

हवा व सुरक्षितता : सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. एअरब्रशमधून निघालेला अ‍ॅक्रिलिक रंग पृष्ठावर पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठ खरखरीत होते. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर काम करणे, रंगात सुकणे लांबवणारे रिटार्डर मिसळणे व प्रतिकृती धुळीपासून झाकून ठेवणे हे उपाय. थेट उन्हात डिकल पिवळी पडतात. थिनर व लॅकर ज्वालाग्राही असल्याने रेल्वेच्या प्रवासी डब्यातून नेण्यास बंदी आहे. पुणे-मुंबईहून सामान आणणाऱ्या कुर्डुवाडीकराला पाण्यावर चालणारे रंगच सोयीचे. फवारताना मास्क व मोकळी खिडकी आवश्यक.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी : मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात कुर्ट टँक यांनी आखलेले भारतीय लढाऊ विमान मरुत आहे. पुण्यात दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकात मिग-२३, तर गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक, अलिझे व सुपर कॉन्स्टेलेशन ही विमाने आहेत. चाकांच्या खोबणी, धुराड्याचा रंग व पत्र्यावरील झीज यांची छायाचित्रे तेथे घेता येतात. मात्र संग्रहालयात नव्याने रंगवलेल्या विमानाची रंगछटा सेवाकाळातील म्हणून गृहीत धरू नये.

मूल्यमापन : प्रतिकृतीसोबतच्या पट्टीवर विमानाची आवृत्ती, क्रमांक, स्क्वॉड्रन, तळ, वर्ष व प्रमाण नोंदवावे. परीक्षण करताना सांध्यांची स्वच्छता, पंखांची समरेषा, डिकलची बैठक आणि ऐतिहासिक अचूकता पाहिली जाते. झिजेचे अतिरेकी रंगकाम दोष मानले जाते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले, त्यामुळे ओझरला घडलेले हे विमानही आता जुन्या विमानांच्या वर्गात मोडते.