दिनविशेष : २६ मार्च – भीमाकाठचा स्तंभ

सणसवाडीहून पुण्याकडे येताना, भीमा ओलांडल्यावर पेरणे गावच्या हद्दीत हमरस्त्यालगत जो उंच पाषाणस्तंभ दृष्टीस पडतो, त्याची पायाभरणी १८२१ साली आजच्या तारखेस झाली. कंपनी सरकारच्या घोडनदीकाठच्या शिरूर छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन सुमारे पाचशे पायदळ, थोडे स्वार व दोन तोफा घेऊन पुण्याच्या कुमकेस निघाला. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या प्रचंड फौजेशी गाठ पडताच त्याने भीमाकाठच्या कोरेगावच्या गावकुसाचा आश्रय घेतला, आणि त्याची पलटण अन्नपाण्यावाचून रात्रीपर्यंत झुंजत राहिली. लढाई निर्णायक होती असे म्हणवत नाही. पेशव्याची फौज माघारी वळली, एवढे खरे. सरकारने स्तंभ उभारला तो आपल्या फत्तेच्या अभिमानाने. शिलालेखावर मात्र कामी आलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांतली बावीस महार शिपायांची मानली जातात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, तेव्हापासून या दगडाचा अर्थच पालटला; कंपनीच्या फत्तेची खूण दलितांच्या अभिमानाची खूण झाली. आज दरवर्षी १ जानेवारीस लाखो लोक येथे मानवंदनेसाठी जमतात.