‘येस’चे चौघे, ‘येस’विना

जून १९८९मध्ये अरिस्टा या कंपनीने एक अल्बम बाजारात आणला. त्यावर वाद्यवृंदाचे नाव नव्हते. होती ती केवळ चार आडनावे - अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन, हॉवे. एखाद्या वकिली पेढीला शोभावे, असे हे नाव हौसेने घेतलेले नव्हते. ‘येस’ या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक वाद्यवृंदाने १९७१-७२मध्ये ‘फ्रॅजाइल’ आणि ‘क्लोज टू द एज’ हे अल्बम ज्या पाच जणांच्या बळावर केले, त्यांपैकी चौघे येथे एकत्र आले होते. परंतु ‘येस’ हे नाव वापरण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पाचवे सदस्य, बासवादक ख्रिस स्क्वायर दुसऱ्या गोटात होते आणि नावही त्याच गोटात होते.

वादाचे मूळ १९८३ सालात सापडते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गिटारवादक ट्रेव्हर रॅबिन यांच्या साथीने ‘येस’ने ‘९०१२५’ हा अल्बम काढला. त्यातील ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. वीस-वीस मिनिटांच्या रचना करणारा वाद्यवृंद आता चार मिनिटांच्या गीतांकडे वळला. गायक जॉन अँडरसन यांचे मन त्यात फार काळ रमले नाही. १९८८मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना हाक दिली.

ध्वनिमुद्रणाचा बराच भाग कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट बेटावरील एअर स्टुडिओत झाला. (१९८९च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले आणि स्टुडिओ कायमचा बंद पडला.) निर्मितीची धुरा अँडरसन आणि ख्रिस किम्सी यांनी सांभाळली. बास वाजविण्यासाठी ‘किंग क्रिमसन’मधील ब्रुफर्ड यांचे सहकारी टोनी लेव्हिन आले. मुखपृष्ठ रॉजर डीन यांचेच. त्यामुळे नाव नसले, तरी जुन्या चाहत्याला घराची ओळख पटत होती.

अल्बममध्ये नऊ रचना आहेत. ‘ब्रदर ऑफ माइन’ ही दहा मिनिटांची बहुखंडी रचना सर्वांत भरीव. मात्र खरी धार आहे ती ‘बर्थराइट’मध्ये. ब्रिटनने १९५०-६०च्या दशकांत ऑस्ट्रेलियातील मारालिंगा येथे अणुचाचण्या केल्या, त्यात तेथील आदिवासींची भूमी विषारी झाली. तो विषय या गीताने संयमाने, पण ठामपणे मांडला आहे. ‘क्वार्टेट’मध्ये जुन्या गाण्यांची नावे गुंफली आहेत, नाव वापरण्यास मनाई असलेल्यांनी काढलेली ही पळवाटच म्हणावी. ‘टीकबॉइज’चा कॅरिबियन ठेका मात्र या मंडळींना मुळीच मानवलेला नाही. ब्रुफर्ड यांच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा कोरडा, यांत्रिक नादही आज जुना वाटतो.

अल्बम ब्रिटनमध्ये चौदाव्या, तर अमेरिकेत तिसाव्या क्रमांकापर्यंत गेला. त्यापाठोपाठ निघालेल्या दौऱ्याच्या जाहिरातींत ‘येस’च्या संगीताचा उल्लेख होताच स्क्वायर यांच्या गटाने न्यायालयात धाव घेतली. दौरा थांबला नाही. अँडरसन, हॉवे आणि वेकमन आधी एकेकटे वाजवीत आणि मग जुन्या रचनांना सुरुवात होई. श्रोत्यांनी निवाडा केव्हाच दिला होता.

चौकडीचा दुसरा अल्बम पूर्ण झाला नाही. त्यासाठी केलेले काम दुसऱ्या गटाच्या गीतांशी जोडून १९९१मध्ये ‘येस’च्या नावाने ‘युनियन’ निघाला. निर्मात्याने हॉवे आणि वेकमन यांच्या वादनाची जागा अनेक ठिकाणी भाडोत्री वादकांना दिली. वेकमन यांनी या अल्बमचे ‘अनियन’, म्हणजे कांदा, असे नामकरण केले. कारण तो ऐकताना डोळ्यांत पाणी येते! दौऱ्यात मात्र आठही जण एकाच फिरत्या रंगमंचावर उभे राहिले.

स्क्वायर यांचे २०१५मध्ये निधन झाले. हॉवे ‘येस’ या नावानेच वाजवीत राहिले. अँडरसन, रॅबिन आणि वेकमन यांनी २०१६पासून वेगळे कार्यक्रम सुरू केले. पुढच्याच वर्षी त्यांनीही ‘येस’ हे नाव घेतले, पण त्यापुढे आपली तीन नावे जोडून.