रवंथ आणि प्रार्थना

पुणतांबा हे गाव हल्लीच्या लोकांना ठाऊक आहे ते २०१७ सालच्या शेतकरी संपामुळे, नाही तर दौंड-मनमाड लोहमार्गावरचे एक स्टेशन म्हणून. जुनी माणसे मात्र ते चांगदेवामुळे ओळखतात. गोदावरीच्या काठी इथे चांगदेवाची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला योगी म्हणून त्याची कथा पोराटोरांनाही पाठ असते. वाघाची गोष्ट रंगतदार खरी. पण वाचकहो, मला स्वतःला त्या कथेतला दुसराच भाग अधिक मोलाचा वाटतो. तो म्हणजे कोऱ्या पत्राचा.

ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला चांगदेव बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने मोठे. तीर्थरूप लिहावे, तर हा पोरगा! शेवटी कोराच कागद धाडला. त्याला उत्तर आले पासष्ट ओव्यांचे. हीच ती चांगदेव पासष्टी. परंपरा अशी सांगते की पत्र हाती पडले, अक्षरे वाचून झाली, तरी अर्थ काही उमगेना. तो उमगला पुढे मुक्ताबाईने सांगितला तेव्हा. म्हणजे वाचणे आणि उमगणे यांच्यामध्ये एक अंतर असते, आणि ते अक्षरओळखीने काटले जात नाही. शाळेत शिकविणाऱ्या गुरुजींना हे निराळे सांगायला नको.

आजचा विषय ख्रिस्ती परंपरेतला आहे. पवित्र शास्त्र नुसते वाचायचे नाही, तर त्यातूनच प्रार्थना करायची, अशी एक फार जुनी रीत त्या परंपरेत आहे. लॅटिन भाषेत तिला ‘लेक्सिओ दिव्हिना’ म्हणतात. देवाचे वाचन असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या नगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) ख्रिस्ती वस्ती खेडोपाडी आहे, आणि अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे दिले त्याला आता दोनशे वर्षे होत आली. तेव्हा ही रीत आपल्या अंगणातलीही आहे.

चांगदेवासारखीच एक गोष्ट बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. कूश देशाच्या राणीचा एक मोठा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचीत चालला होता. फिलिप नावाचा शिष्य रथाजवळ धावत गेला, त्याने ते वाचन ऐकले आणि विचारले, वाचता आहात ते समजते का? खजिनदाराने प्रांजळपणे सांगितले की कोणी वाट दाखविल्याखेरीज समजणार कसे! मौज बघा, तो रथात एकटाच वाचीत होता, तरी फिलिपला ते ऐकू आले. कारण त्या काळी वाचन पुष्कळदा मोठ्याने होत असे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलविता वाचीत, याचे नवल ऑगस्टीनने मुद्दाम लिहून ठेवले आहे.

वाचन हे असे तोंडाचे आणि कानाचे काम होते. मनन हेही तसेच. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात मननासाठी जो हिब्रू शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे. पारव्याच्या घुमण्याला आणि सिंहाच्या गुरगुरण्यालाही बायबलमध्ये तोच शब्द वापरला आहे. डोळे मिटून विचार करीत बसणे हा अर्थ मागाहूनचा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पाखोमियसने मठ उभारले, त्यांच्या नियमांत असे कलम आहे की येणाऱ्या प्रत्येकाने वाचायला शिकलेच पाहिजे, मनात नसले तरी. आणि निदान स्तोत्रे व नवा करार तोंडपाठ असल्यावाचून मठात कोणी राहू नये. हे साधू दिवसभर टोपल्या आणि चटया विणीत. हात पातीत आणि ओठांवर पाठ केलेले वचन. आपल्याकडच्या बाया पहाटे जात्यावर बसून ओवी म्हणत, त्यांना हे दृश्य परके वाटले नसते.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम लिहिले. त्याच्या ४८ व्या प्रकरणात शेतकामाचे तास आणि वाचनाचे तास शेजारी शेजारी बांधून दिले आहेत. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचे आणि ते सलग, आरंभापासून शेवटपर्यंत वाचायचे. वाचनाच्या वेळी एकदोन वडीलधाऱ्यांनी मठात फेरी मारून कोणी गप्पा छाटीत तर बसला नाही ना हे पाहायचे, असेही त्यात आहे. शाळा तपासनीस हा प्राणी बराच जुना म्हणायचा! आणि दुपारच्या विश्रांतीत ज्याला वाचायचे असेल त्याने शेजाऱ्याची झोप मोडू नये, ही सूचनाही आहे.

या रीतीला नीट घडण दिली ती बाराव्या शतकात फ्रान्समधील आल्प्सच्या डोंगरातल्या एका मठाधिपतीने. त्याचे नाव दुसरा ग्विगो. योगायोग असा की त्यानेही ते सांगितले एका पत्रातच, आपल्या जेरव्हास नावाच्या बंधूला लिहिलेल्या. चांगदेव पासष्टीच्या आधी शंभरएक वर्षे ही गोष्ट झाली. ग्विगोने चार पायऱ्यांची शिडी कल्पिली: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थनेत त्याची चव लागते, आणि ध्यान ही ती गोडी स्वतःच, असा त्याने दाखला दिला. मठांतून यासाठी रूढ झालेला शब्द तर आपल्या गोठ्यातलाच आहे: ‘रुमिनासिओ’, म्हणजे रवंथ. गाय घाईघाईने चरून घेते आणि मग झाडाखाली बसून तेच पुन्हा तोंडात आणून शांतपणे चघळते. दूध होते ते त्या दुसऱ्या कामातून.

प्रत्यक्ष हे कसे करीत, ते आपल्या ओळखीच्या एका दाखल्यावरून पाहू. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी पाऊलवाटेवर पडले, ते पाखरांनी खाल्ले. काही खडकाळ जागी, ते लवकर उगवले पण मूळ नाही म्हणून करपले. काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. शाळेतला परीक्षेचा अभ्यास असेल तर चार जमिनींचे चार अर्थ लिहून मोकळे व्हायचे. या रीतीत तसे चालत नाही. उतारा सावकाश, आवाज करून वाचायचा, पुन्हा वाचायचा. कुठे तरी एखादा शब्द अडवितो. समजा ‘मूळ नाही’ इथे मन थबकले. मग पुढे जायचे नाही. तोच शब्द घोळवायचा. बरड रानात ज्वारी पहिल्या पावसावर कशी तरारते आणि उघडीप पडली की चौथ्या दिवशी माना टाकते, हे ज्याने पाहिले आहे त्याला फार सांगावे लागत नाही. मग तो शब्द आपल्यावर येतो: माझे काय? इथे मननाची प्रार्थना होते. मागायचे ते मागायचे, रडायचे तर रडायचे. आणि बोलून संपले की गप्प बसायचे. ही शेवटची पायरी आपल्या हातची नाही, ती मिळाली तर मिळते, असे ही मंडळी सांगत आली आहेत. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन ही उपनिषदांतली त्रयी आहे. ती आणि ही शिडी एकच असे मी म्हणणार नाही. तिथे रोख ज्ञानावर आहे, इथे कोणाशी तरी बोलण्यावर.

आता खरा अडचणीचा प्रश्न. मठातल्या साधूंना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्याकडे पोथ्या होत्या. ज्याला अक्षर येत नाही, त्याने काय करायचे? युरोपात त्याला उत्तर सापडले ते जपमाळेचे. साधू दीडशे स्तोत्रे म्हणत, तेव्हा अडाणी माणसाने दीडशे मणी ओढावेत, आणि ओढताना ख्रिस्ताच्या जन्माचे, दुःखाचे, पुनरुत्थानाचे प्रसंग डोळ्यांपुढे आणावेत. आपल्याकडच्या कॅथलिक घरांतून संध्याकाळी माळ म्हणतात, तिचे मूळ हे असे शास्त्रवाचनाशी जाऊन भिडते.

मराठीत या प्रश्नाला मिळालेले उत्तर मात्र त्याहून सरस आहे, असे मला वाटते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. त्या काळच्या गोव्याचे चित्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती, आणि बाटलेल्या लोकांच्या घरांतून जुन्या पोथ्या गेल्या होत्या. गेलेल्या पोथीची पोकळी राहते. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण ख्रिस्ती त्याच्याकडे मागणी करतो की आम्हांला वाचायला एखादे पुराण द्या. स्टीफन्सने ते दिले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला तो वैकुंठच म्हणतो. जेझुइटांना त्यांच्या गुरूने, इग्नेशियसने, एक साधना लावून दिली होती: शास्त्रातला प्रसंग नुसता वाचू नका, तिथे जाऊन उभे राहा, काय दिसते, काय ऐकू येते ते पाहा. रोमला दीक्षा घेतलेल्या स्टीफन्सच्या अंगी ती मुरलेली असणारच. त्याने ती ओवीत ओतली, आणि ओवी ऐकणाऱ्याला अक्षर यावे लागत नाही. रविवारी देवळात आणि एरवी घरी हे पुराण वाचले जाई. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडावी असा हुकूम काढला. तरी पुराणाच्या हस्तलिखित नकला राहिल्या, आणि त्यांच्यावरूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. १६१६ च्या छापील ग्रंथाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. कागद नाहीसा झाला आणि पाठ टिकला.

नगरकडे येऊ. इथे ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजांतले. त्यांना गावाने शाळेच्या ओसरीवरही चढू दिलेले नव्हते. त्यांच्या हाती शास्त्र आले ही केवढी गोष्ट होती, हे पुस्तकांच्या ढिगात वाढलेल्या आपल्याला कळणे कठीण. मिशनचा मास्तर दिवसा मुलांना शिकवी आणि रात्री कंदिलापुढे थोरांना वाचून दाखवी. बायबल-बाया घरोघर जाऊन वाचीत. ‘ज्ञानोदय’ पत्र नगरलाच १८४२ साली निघाले. संपूर्ण बायबल मराठीत आले. परंतु उपासनेत गायची गीते पुष्कळशी इंग्रजीवरून उतरविलेली, चालीही तिकडच्याच. वाचनाची पायरी झाली. मननाची भाषा अजून सापडायची होती. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेव्हा खेड्यातल्या माणसाला प्रथमच वाटले असेल, की हे आपल्याशी बोलते आहे.

आणि मग नारायण वामन टिळक. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. टिळक पेन्सिलीने खुणा करीत वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी जे थांबले ते तिथून हलेनात. ग्विगोने आपल्या पत्रात उदाहरणासाठी निवडलेले वचन त्याच प्रवचनातले आहे. टिळकांनी ग्विगो वाचला असेल असे नाही, पण वाचन अडले तेथेच प्रार्थना उगवते हा अनुभव दोघांचा एकच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे बरीच वर्षे नगरला काढली. तुकोबांच्या अभंगाचा छंद त्यांच्या रक्तात होता, त्यातच त्यांनी ख्रिस्तभजने लिहिली. आजही मराठी चर्चमधून ती म्हटली जातात. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला तो नगरलाच, आणि पुढच्याच वर्षी त्याने टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले.

याच लोहमार्गाने दौंड गाठून पुण्याकडे वळले की केडगाव लागते. तिथल्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही अशा सोप्या बोलीत की थोडके शिकलेल्या बाईलाही अर्थासाठी कोणाकडे जावे लागू नये. छपाईचे काम सदनातल्या मुलींनीच केले. रमाबाई १९२२ साली वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पुरा होऊन बाहेर पडला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेने १९६५ साली सर्व कॅथलिकांना प्रार्थनेसह शास्त्र वाचायला सांगितले, त्याच्या चाळीस वर्षे आधीची ही गोष्ट.

शेवटी लक्ष्मीबाई टिळक. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाई. अक्षरे लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या, तीही भांडत-रुसत, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना माहीतच आहे. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’. दहाएक अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. पुढचे साठांहून अधिक अध्याय या बाईंनी लिहिले.