तात्पुरता कर

परवा आयकराचं विवरणपत्र भरत बसलो होतो. पगारातून कापलेला आकडा पाहून नेहमीसारखा सुस्कारा सोडला आणि मनात आलं, हे दुखणं आपल्याकडे आलं तरी कुठून?

तर, लंडनहून. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागेना म्हणून पंतप्रधान विल्यम पिट यांनी १७९९ मध्ये तिथे आयकर लावला. पुढे नेपोलियनचा पाडाव झाला. सरकारला कर चालू ठेवायचा होता, पण १८१६ मध्ये पार्लमेंटने सरकारला हरवून तो रद्द करायला लावला. १८४२ मध्ये रॉबर्ट पील यांनी तो परत आणला, फक्त तीन वर्षांसाठी! ती तीन वर्षं अजून संपायची आहेत.

इकडे १८५७ चा उठाव मोडताना सरकार कर्जात बुडालं. हिशेब सावरायला 'द इकॉनॉमिस्ट'चे संस्थापक जेम्स विल्सन यांना हिंदुस्थानात धाडण्यात आलं. त्यांनी घरचंच औषध काढलं. १८६० मध्ये पाच वर्षांसाठी आयकर लागला. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्न असेल तर २ टक्के, त्यावर ४ टक्के. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी जाहीर विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावलं. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले. कर मात्र १८६५ मध्ये गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला आणि १८८६ च्या कायद्याने मुक्कामालाच आला.

मला टोचतं ते वेगळंच. इंग्लंडातल्या करदात्यांची माणसं पार्लमेंटात होती, म्हणून ते १८१६ मध्ये सरकारला 'नाही' म्हणू शकले. आपल्याकडे कर आला, पण नाही म्हणायचा हक्क बोटीत चढलाच नाही. आपल्याच लोकांचा उठाव मोडल्याचं बिल आपल्याच लोकांनी भरलं, तेही कुणी न विचारता.

ब्रिटनमध्ये आजही आयकर दरवर्षी पार्लमेंटने नव्याने मंजूर करावा लागतो. आपल्याकडेही त्याचे दर दरवर्षीच्या वित्त कायद्यातून ठरतात, आणि तो आपण निवडून दिलेल्या लोकसभेत मंजूर होतो. म्हणजे उरलेला अर्धा माल पोचला, पण पोचायला नव्वदेक वर्षं लागली.

असो. सुस्कारा यंदाही सोडलाच. पण अर्थसंकल्पाचं भाषण मी पूर्वी फक्त स्लॅबपुरतं ऐकायचो, ते आता पुढेही ऐकतो. पैसे कशावर खर्च होणार, ते.