सूर तेच, शीर्षक निराळे : बार्टोकच्या ‘रोमानियन लोकनृत्यां’ची कथा

१/ फेब्रुवारी १९१८. महायुद्धाच्या चौथ्या हिवाळ्यात बुडापेस्टच्या एका सभागृहात लहानसा वाद्यवृंद सहा छोटी नृत्ये वाजवतो. रचनाकार हंगेरियन, पण सूर रोमानियन शेतकऱ्यांचे. आणि दीडच वर्षापूर्वी, ऑगस्ट १९१६ मध्ये, याच रोमानियाने युद्ध पुकारून ट्रान्सिल्व्हेनियात सैन्य घुसवले होते. शत्रूचे संगीत राजधानीत वाजले, ते कसे?

२/ रचनाकाराचे नाव बेला बार्टोक. मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनी मुद्रित करणारा एडिसनचा फोनोग्राफ घेऊन तो खेडोपाडी हिंडत असे. आरंभी शोध हंगेरियन गीतांचा होता. पुढे स्लोव्हाक आणि रोमानियन वस्त्यांचाही सुरू झाला. ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता, मात्र तेथील बहुसंख्य जनता रोमानियन भाषिक होती.

३/ बेयुश गावातील रोमानियन शिक्षक इओन बुशित्सिया यांनी त्याला वाट दाखवली, खेड्यांत ओळखी करून दिल्या. बार्टोकने पुढे तीन हजारांहून अधिक रोमानियन चाली गोळा केल्या. त्यांतल्या सात चाली घेऊन १९१५ साली पियानोसाठी सहा नृत्ये रचली आणि ती बुशित्सियांना अर्पण केली. १९१७ साली त्यांचे वाद्यवृंदासाठी रूपांतर केले.

४/ हा वाद्यवृंदही पाहण्याजोगा आहे. बासरी, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न प्रत्येकी दोन, आणि तंतुवाद्ये. ढोल नाही, तुतारी नाही. लोकनृत्य म्हणजे गडगडाट, ही आपली समजूत येथे पहिल्याच क्षणी मोडते.

५/ आता लय, स्वर आणि भाव. पहिले ‘काठीचे नृत्य’ : दोन मात्रांचे, मध्यम द्रुत, पावलांत वजन असलेले. ही चाल बार्टोकने खेड्यातल्या दोन जिप्सी व्हायोलिनवादकांकडून ऐकली. दुसरे ‘कमरपट्ट्याचे नृत्य’ जेमतेम अर्ध्या मिनिटाचे. क्लॅरिनेट ते हलकेच उचलतो. त्याचा स्वरक्रम ‘डोरियन’, म्हणजे आपल्या काफी थाटाचाच : गांधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध.

६/ तिसरे नृत्य ‘जागच्या जागी’ करायचे. येथे गती एकदम मंदावते. खाली आधारस्वर अखंड धरलेला, वर एकटा पिकोलो. चालीत तीन अर्धस्वरांचे अंतर आहे, भैरवातील कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार यांच्यामधले असते तेवढेच. त्याने एक गूढ उदासी येते. नाच म्हटला की आनंद, हे समीकरणही येथे गळून पडते.

७/ चौथे ‘बुचुमियाना’ : तीन मात्रांचे, संथ, एकल व्हायोलिनचे. याचे भाषांतर अनेकदा ‘शिंगाचे नृत्य’ असे केलेले आढळते, कारण ‘बुचुम’ हे डोंगराळ मुलखातील एका लांब शिंगवाद्याचेही नाव आहे. पण येथे बुचुम हे गाव आहे. अर्थ सरळ आहे : बुचुम गावचा नाच.

८/ पाचवी ‘रोमानियन पोल्का’. पोल्का एरवी सरळ दोन मात्रांची. येथे मात्र दोन आणि तीन मात्रांचे गट एकमेकांत मिसळतात आणि टाळी चुकते. पियानोच्या प्रतीत ती ‘डी’ स्वरावरील ‘लिडियन’ क्रमात आहे, म्हणजे आपला कल्याण थाट, तीव्र मध्यमासह. त्यामुळे येथे एकदम उजेड पडल्यासारखा वाटतो. शेवटचे ‘मरुन्त्सेल’ लहान, चपळ पावलांचे. त्यात दोन चाली जोडल्या आहेत आणि दुसरी पहिलीहून द्रुत आहे. सारे मिळून सहा-सात मिनिटे.

९/ बार्टोकने मूळ चाली जवळजवळ तशाच ठेवल्या. स्वतःची भर घातली ती स्वरसंगतीत आणि वाद्ययोजनेत. आणि रचनेला नाव दिले ‘हंगेरीतील रोमानियन लोकनृत्ये’. १९१५ साली ते भूगोलाला धरूनच होते.

१०/ मग ४ जून १९२० चा त्रियानोंचा तह झाला. ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेला. शीर्षकातील ‘हंगेरीतील’ हा शब्द आता निरर्थक झाला आणि पुढे तो गळाला. एकही स्वर न बदलता या संगीताचा देश बदलला.

११/ त्याच वर्षी बार्टोकने हुनेदोआरा भागातील रोमानियन संगीतावर जर्मन नियतकालिकात लेख लिहिला. जखमी हंगेरीत त्यावर गदारोळ उठला. येनो हुबाय यांच्यासारख्या ज्येष्ठ संगीतकारानेही टीका केली, आरोप देशद्रोहाचा. पुढे १९३६ मध्ये रोमानियाचे कोरिओलान पेत्रानू यांनी नेमका उलट आरोप केला : बार्टोक हंगेरीचीच बाजू घेतो. त्याने दोन्ही वेळा जाहीर उत्तर दिले. पण एकच माणूस दोन्ही राष्ट्रांना परका ठरला, ही गोष्ट उरतेच.

१२/ १९३१ च्या एका पत्रात त्याने आपली भूमिका मांडली : युद्धे आणि कलह असूनही जनसमूहांचे बंधुत्व हीच आपली मूळ प्रेरणा. ही भाबडी सदिच्छा नव्हती. शेजारच्या गावांत चाली कशा फिरतात, कुठे बदलतात, काय घेतात आणि काय देतात, हे त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

१३/ १९४० मध्ये, युरोप दुसऱ्या महायुद्धात ओढला गेल्यावर, तो अमेरिकेला गेला. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. १८८१ साली ज्या हंगेरियन गावात तो जन्मला, ते गावही आज रोमानियात आहे. तेव्हा ही नृत्ये ऐकाल तेव्हा तिसऱ्यापाशी थांबा. त्या पिकोलोची चाल कोणत्या राष्ट्राची, हे नकाशा सांगतो. ती कोणत्या गावातून, कोणाच्या मदतीने आली, हे सांगायला मात्र कोणीतरी फोनोग्राफ घेऊन चालत जावे लागते.