डेपो : ठेव कुणाची, कशाची?

देहूरोडला ‘डेपो’ म्हटले की लष्कराचे साहित्य-भांडार डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते तेथे उभे राहिले. एस.टी.च्या वाहकाला मात्र डेपो म्हणजे गाड्यांचे आगार. वनखात्याचा डेपो लाकडाचा आणि जवळच मोशीचा डेपो तर कचऱ्याचा!

शब्द मूळचा फ्रेंच. शेवटी लिहिलेला ‘ट’ फ्रेंच माणूस उच्चारीत नाही. इंग्रजांनी तो तसाच उचलला आणि त्यांच्याकडून आपण घेतला. मुळाशी आहे लॅटिनमधील ‘खाली ठेवलेले’ हा अर्थ. बँकेतले ‘डिपॉझिट’ हे त्याचेच भावंड. म्हणजे आज ठेवायचे आणि उद्या न्यायचे, अशी ही जागा.

पण ठेवायचे काय? मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात १८४९ पासून इंग्रज सरकारने मजुरांचा डेपो बांधला. करारावर गेलेली माणसे बोटीतून उतरली की आधी तेथे ठेवीत, मग उसाच्या मळ्यांवर धाडीत. त्यांत आपल्या कोकणची माणसेही होती. मालाचा शब्द माणसांना लागला तो असा! ती जागा आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखली जाते. २००६ साली ती जागतिक वारसा ठरली.

कचऱ्याची गोष्ट निराळी. तेथे ठेवणारे पुष्कळ. पण आपली ठेव परत मागायला कुणी येत नाही. सोसायचे ते शेजारच्या गावाने.

गुरुजी, मुलांना एवढेच विचारा : आपल्या भागातल्या डेपोत ठेवतो कोण, नेतो कोण आणि सांभाळतो कोण? इतिहासाचा धडा तेथूनच सुरू होईल.