नाथसागराच्या तळाशी एक दिवस

काकड्याच्या टाळांनी तुम्हाला जाग येते. पैठणला संत एकनाथांच्या समाधी मंदिराची ओवरी, उशाला पिशवी, शेजारी कापडी पिशवीत गुंडाळलेला फ्लाय रॉड. साल १९६५, मे महिना, ऐन वैशाख. काल संध्याकाळच्या एस.टी.ने तुम्ही औरंगाबादहून आलात, बिडकीन, ढोरकीन करत, दोन्ही बाजूंच्या वडांखालून. शहराचं नाव अजून औरंगाबादच आहे, आणि पैठणच्या पाण्याशी त्याचं नातं अजून पर्वणीच्या स्नानापुरतंच आहे.

उजाडायच्या आत निघा. उन्हाळ्यातला मासा पहाटेचा आणि संध्याकाळचा. मधल्या वेळात तो डोहाच्या तळाशी जाऊन बसतो आणि कशालाही तोंड लावत नाही. नागघाटाच्या पायऱ्या उतरलात की वाळवंट लागतं. इथे नदीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या काठचा हा सगळा मुलूख गंगाथडी. पावसाळ्यात हे पात्र या थडीपासून त्या थडीपर्यंत भरून वाहतं. आत्ता पाणी एका कडेने चाललंय. बाकी वाळू, आणि वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या. वेलांच्या कडेने जा. राखणदार खोपीत झोपलेला असला तरी त्याचं कुत्रं जागं असतं.

चपला हातात घेऊन वरच्या अंगाला चालत राहा. वाळू अजून गार आहे. तास-दीड तासाने दोन कोस मागे पडतात आणि पाण्याचा आवाज बदलतो. काळ्या कातळाची एक पायरी पात्रातून आडवी गेली आहे. तिच्यावरून उथळ पाणी खळाळत खाली येतं आणि लगेच हिरव्या डोहात शिरतं. डोहावर एक जुनं उंबराचं झाड ओणवलंय. खळाळ जिथे संपतो आणि डोह जिथे सुरू होतो, तिथेच थांबा. वाहून आलेला किडा, अळी, फळ सगळं याच तोंडातून आत जातं आणि मोठा मासा त्याची वाट पाहत खालीच उभा असतो.

रॉड जोडा. रिळावरची जाड लाईन कड्यांतून ओवा, तिच्या टोकाला बारीक धागा आणि धाग्याला माशी. माशी म्हणजे एक गळ; त्यावर रेशमाने कोंबड्याचं पीस आणि मोरपिसाचा तंतू गुंडाळलेला. तिला वजन म्हणून नाहीच. साध्या गळाला शिशाचा गोळा लावून भिरकावता येतं, इथे ते चालत नाही. इथे वजन लाईनचं. रॉड मागे न्यायचा, लाईन पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायचा. हा थांबण्याचा क्षण ज्याला साधला त्याला बाकीचं सगळं हळूहळू येतं. घाई केली की लाईन स्वतःच्याच पायाशी गोळा होते. आज तुमचा हात चांगला बसलाय. लाईन हवेत लांब होते, पाण्यावर टेकते, आणि शेवटी माशी उतरते, पाणी न फोडता.

काही होत नाही. पुन्हा टाका. पुन्हा काही नाही.

“पाव्हणं, त्याच्यावर न्हाई यायचं ते.”

मागे एक म्हातारा भोई उभा आहे. खांद्यावर जाळं, डोक्याला पंचा. बराच वेळ तो तुमचा हा खेळ पाहत असावा. तो हनुवटीने उंबराकडे खूण करतो. “दोन रोज झाले, उंबरं पिकून पाण्यात पडायलेत. मोठं जनावर त्याच्याखालीच हाय. पाखरं फांदीवर बसली की ते वर येतं.”

मग तुम्ही तिकडे नीट पाहता. फांदीवर पाखरं आहेत. त्यांच्या धक्क्याने एक फळ सुटतं, टुपकन पाण्यात पडतं, आणि पडल्याजागी तांबूस-सोनेरी काहीतरी वळून नाहीसं होतं.

आता पेटीत शोधा. किड्याची नक्कल इथे उपयोगाची नाही. तपकिरी लोकरीचा एक गोळा आहे, बोराएवढा, गळावर घट्ट बांधलेला. तोच लावा. या वेळी अलगद उतरवायची गरज नाही, फळ जसं पडतं तसंच पडू द्या. टुपकन. दोन अंकही मोजून होत नाहीत तोच लाईन ताठ होते आणि रीळ किंचाळायला लागतं.

हा महाशीर. त्याची पहिली धाव अडवायची नसते. अडवलीत तर धागा तुटेल. बोटं रिळापासून दूर ठेवा आणि त्याला जाऊ द्या. तो डोह ओलांडून पलीकडच्या कातळाकडे जातो, तिथून खाली, पुन्हा वर. म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उतरलाय आणि तुम्हाला हुकूम सोडतोय: “ढील द्या! आता वढा! न्हाई न्हाई, ढील!” हेन्री सुलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासकडच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात महाशीरची ताकद विलायतेतल्या सॅमनपेक्षा सरस मानली होती. तुमचं मनगट आज त्याची साक्ष देतंय.

शेवटी तो उथळात येतो. वाकून जवळून बघा. पाठ हिरवट काळी, कुशीवर सोन्याची झाक, परांना निळसर छटा. खवले एवढे मोठे की अंगठ्याखाली एकच खवला मावतो. जाड, मऊ ओठ, आणि तोंडात दात नाहीत. दात घशात आहेत, त्यांनी तो शिंपले फोडतो. दख्खनचा हा महाशीर कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातून घेऊन १८३९ साली शास्त्राच्या नोंदीत आणला. नोंदीच्या किती आधीपासून भोयांची पोरं त्याला ओळखत असतील, याचा हिशेब कोण ठेवणार!

सवयीने तुमचे हात त्याला पुन्हा पाण्यात सोडायला जातात. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे चांगले गळवाले तसंच करतात.

“अहो, काय करायले?” म्हातारा खरोखर घाबरतो.

त्याच्या हातात द्या. ही नदी त्याचं शेत आहे.

दुपारी त्याच्या खोपीपाशी भाकरी आणि त्याच माशाचं कालवण. लाल तिखट, लसूण, वर तेलाचा तवंग. प्यायला झिऱ्याचं पाणी. म्हातारी वाळूत कोपरभर खड्डा करते, आधी येणारं गढूळ पाणी वाटीने उपसून टाकते आणि थांबते. बुडाशी वाळूचे कण हलत राहतात, कडेने पाणी झिरपतं, हळूहळू निवळतं. मग ती नारळाच्या करवंटीने घागर भरते. शेजारच्या धारेपेक्षा हे पाणी गार आणि गोडही. नदी दिसते त्याहून किती तरी मोठी आहे आणि बरीचशी वाळूखालून वाहते, हे या एका खड्ड्यात कळतं.

वाळू आता पाय ठेवू देत नाही. याच वाळवंटात, अशाच दुपारी, एकटं रडणारं अस्पृश्याचं पोर नाथांनी कडेवर उचलून घेतलं, ही गोष्ट पैठणात लहानपणी कुणी ऐकली नसेल असं होत नाही. अनवाणी दहा पावलं चालून बघा. त्या गोष्टीतलं ऊन अंगाला लागेल आणि त्या काळात ते पोर उचलणं काय होतं तेही थोडंफार समजेल.

खोपीच्या सावलीत म्हातारा विचारतो, “सर्वेवाले चुन्याच्या खुणा करून गेले. खरंच धरण होणार काय हो?”

तुम्हाला सगळं माहीत आहे. याच वर्षी १८ ऑक्टोबरला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री कोनशिला बसवतील. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधी धरणाचं उद्घाटन करतील. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, १०० टी.एम.सी.हून जास्त पाणी. शंभरावर गावं उठतील. नाव पडेल जायकवाडी. मुळात धरण ज्या गावाजवळ बांधायचं ठरलं होतं, त्या बीड जिल्ह्यातल्या गावाचं हे नाव. जलाशयाला मात्र नाथांचं नाव मिळेल. उंबर, कातळाची पायरी, हा डोह, ही खोपी यांच्यावर कित्येक पुरुष पाणी उभं राहील.

मराठवाड्याला हे पाणी हवंच होतं. ज्याने इथला दुष्काळ पाहिलाय तो दुसरं काही बोलणार नाही, मीही बोलत नाही. कालव्यांखाली शेतं भिजली, औरंगाबाद-जालन्याचे नळ वाहिले, पाणपक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्यही झालं. माझी तक्रार वेगळी आहे. उठलेल्या गावांची यादी सरकारी दप्तरात सापडते. उठलेल्या नदीची सापडत नाही. कोणता डोह कुठे होता, महाशीर कुठल्या झाडाखाली उभा राहायचा, झिरा कुठे लवकर निवळायचा हे सारं या म्हाताऱ्यासारख्यांच्या डोक्यात होतं आणि ते कुणी लिहून घेतलं नाही. साठलेल्या पाण्यात रोहू, कटला सोडले गेले, पुढे तिलापिया माजला. खळाळ आणि कातळ लागणाऱ्या महाशीरला तिथे जागा उरली नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्राने पन्नासएक वर्षं महाशीरची पिल्लं वाढवली, ठिकठिकाणी सोडली, आणि हा मासा आज टिकून आहे त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. पण पिल्लू तळ्यात वाढवता येतं, वाहतं पाणी वाढवता येत नाही.

म्हाताऱ्याला काय सांगाल? “होणार म्हणतात,” एवढंच. तो मान हलवतो आणि जाळ्याचं फाटलेलं घर शिवायला घेतो.

ऊन कलतं. सावली खळाळावर येते आणि पाण्यातून बारीक पंखांचे किडे उठायला लागतात. त्यांच्यामागोमाग अळकुटं: बोटभर लांबीचे, चपटे, चांदीसारखे मासे, सगळ्या डोहावर टपटप तोंडं मारत. आता खरी माशी लावा, पेटीतली सगळ्यात लहान. म्हाताऱ्याचा आठ-नऊ वर्षांचा नातू केव्हाचा तुमच्या कोपराला चिकटून उभा आहे. त्याच्या हातात रॉड द्या.

पहिल्यांदा लाईन त्याच्या पायाशी पडते. दुसऱ्यांदा मागच्या तरवडाच्या झुडपात अडकते आणि तो पळत जाऊन सोडवून आणतो. “थांब,” तुम्ही सांगता, “मागं पूर्ण जाऊ दे. हं, आता.” या वेळी लाईन सुटते, वेडीवाकडी, पण सुटते, माशी किड्यांच्या मधोमध पडते आणि तीन अळकुटं एकदम झेपावतात. एक लागतं. पोरगं रिळाला हातही न लावता रॉड खांद्यावर टाकून थेट वाळवंटात धावत सुटतं, मासा मागे वाळूवर उड्या मारत येतोय, आजा खोपीतून ओरडतोय, “आरं दोरी तुटंल, दोरी!” आणि तुम्ही दोघांच्या मागे पळताय.